न वाचणाऱ्याची बाजू

१५ ऑक्टोबरला काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत किंवा सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला विचारा. डॉ. कलामांच्या तसबिरीला हार घातला जातो, कपाटातली पंधरा-वीस पुस्तकं टेबलावर मांडली जातात, सगळे एकेक पुस्तक उघडून बसतात, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं, तो वरच्या कार्यालयाच्या ग्रुपवर जातो आणि पुस्तकं परत कपाटात जातात. २०१५ पासून हा वाचन प्रेरणा दिन साजरा होतोय. हेतूबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या दिवशीच्या भाषणांबद्दल. ‘वाचाल तर वाचाल’ने सुरुवात, मग मोबाइलच्या नावाने बोटं मोडणं, मग थोरामोठ्यांच्या वाचनाचे किस्से आणि शेवटी ‘रोज किमान दहा पानं’ची शपथ. समोर बसलेल्यांत पुष्कळ जण असे असतात की त्यांना वाचायला मुळात आवडत नाही. त्यांच्याविषयी सगळे बोलतात, त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

मी त्यांच्या बाजूने बोलणार आहे. ज्याला वाचनाचा कंटाळा येतो त्याच्यात काही खोट आहे, असं मी मानत नाही. बहुतेकदा तो आणि पुस्तक यांच्या मध्ये आपणच ठाण मांडून बसलेलो असतो. पुस्तक कुठलं ते आपण ठरवतो, कपाटाला कुलूप आपण लावतो आणि ‘वाचून झालं का?’ हे विचारायलाही आपणच जातो. वाचनाचा हा सोवळेपणा कमी केला आणि पुस्तक हाताशी आणून ठेवलं, तर न वाचणाऱ्यांतले बरेच जण वाचू लागतील. त्यासाठी शाळा, ग्रंथालयं आणि नगरपालिका यांच्या रोजच्या कारभारात काही बदल करावे लागतील. भाषणांनी ते आजवर झालेलं नाही.

आधी एक अडचण, जी व्यासपीठावरून कधी ऐकू येत नाही. पुष्कळांना वाचता येतं, पण सरसर वाचता येत नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात आणि पाचवीतली कितीतरी मुलं तिथे अडखळतात, हे आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचतो आणि हळहळतो. ती मुलं पुढे कुठे जातात? पास होत होत दहावी-बारावी करतात, नोकरीला लागतात, दुकान टाकतात, त्यांची लग्नं होतात. त्यातला जो जोडाक्षरापाशी थबकतो, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो, तो तिसऱ्या पानावर दमणारच. अशा माणसाला वाढदिवसाला आपण काय देतो? साडेचारशे पानांची ऐतिहासिक कादंबरी, बारीक टायपातली. वर ‘हे वाचलंच पाहिजेस हं’. तो बिचारा ती टीव्हीखालच्या शोकेसमध्ये नीट उभी करून ठेवतो. दोन वर्षांनी बघावं तर तिचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं.

वाचनाचा वेग वाचूनच वाढतो, आणि खूप वाचलं जातं ते सोपं असेल तरच. म्हणजे दमणाऱ्या माणसाला बारीक पुस्तक हवं, मोठ्या टायपातलं, आणि पुढे काय झालं याची ओढ लावणारं. मराठीत लहान मुलांसाठी अशी पुस्तकं बऱ्यापैकी झाली. ‘प्रथम बुक्स’ने तर २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पातळीनुसार गोष्टी फुकट ठेवल्या आहेत, मराठीतही. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक घरबसल्या उघडता येतात. पण तिशी-चाळिशीतल्या माणसासाठी काय? नवसाक्षरांसाठी म्हणून ज्या पुस्तिका निघत, त्या हिवताप, हुंडा, शेणखत आणि बचतगट यांच्या पुढे फारशा गेल्या नाहीत. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री शेणखतावर का वाचावं, हा प्रश्न त्या छापणाऱ्यांना पडला नसावा.

एके काळी ही जागा रहस्यकथांनी भरून काढली होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. स्वस्त कागद, चित्ताकर्षक मुखपृष्ठ, एका बैठकीत संपेल एवढा जीव. सर्क्युलेटिंग लायब्ररीत त्या नाममात्र भाड्याने मिळत, गिरणीतला माणूसही वाचे आणि शाळकरी पोरगाही, भूगोलाच्या पुस्तकात लपवून. त्या पिढीतल्या कितीतरी चोखंदळ वाचकांची सुरुवात तिथेच झाली, हे तेच सांगतात. पण वाङ्मयाच्या चर्चेत या पुस्तकांना कधी पाट मांडला गेला नाही. ‘फावल्या वेळचं’ म्हणून आपण त्यांना बाजूला सारलं आणि त्यांच्या जागी ते काम करणारं दुसरं काही आणलं नाही. वाचणारे कमी झाले म्हणून ओरडताना ही गोष्ट कुणी काढत नाही.

थोरांच्या वाचनाच्या किस्स्यांचंही असंच आहे. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधलं, ते तासन् तास वाचत, हे खरंच आहे आणि त्यांच्या जयंतीला सलग १८ तास अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मला आदर आहे. मात्र जो अठरा मिनिटं बसू शकत नाही त्याला १८ तासांची गोष्ट सांगून काय साधतं? तो मनात हिशेब करतो की हे आपलं काम नव्हे, आणि मोकळा होतो. खरं तर बाबासाहेबांच्याच चळवळीने याहून फार उपयोगी धडा आपल्यासमोर ठेवला आहे, फक्त तो बघायला ६ डिसेंबरला दादरला जावं लागतं.

शिवाजी पार्कच्या बाजूने त्या दिवशी पुस्तकांचे स्टॉल लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर रेल्वेने आलेली माणसं असतात, खांद्याला पिशवी, पिशवीत बांधून आणलेल्या भाकऱ्या. एखादी बाई स्टॉलसमोर उकिडवी बसते, पातळशी पुस्तिका उचलते, मागची किंमत बघते, बरोबरच्या मुलीला पहिल्या पानावरच्या चार ओळी मोठ्याने वाचायला लावते, ऐकते आणि कनवटीचे पैसे काढते. तीस-चाळीस पानं, वीस-तीस रुपये. कुणी दुकानदार तिला ‘हे कळेल का तुम्हाला?’ असं विचारत नाही. शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या जाडजूड खंडांसाठीही लोक रांग लावतात. नागपूरला दीक्षाभूमीवर हेच दृश्य. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात किती कोटींची विक्री झाली याच्या बातम्या येतात, पण ज्यांना आपण सरसकट ‘न वाचणारा वर्ग’ म्हणतो त्यांच्या खरेदीची दखल तेवढी घेतली जात नाही. त्या बाईला वाचनाचं महत्त्व कुणी पटवलेलं नाही. पुस्तक तिच्या प्रश्नाचं होतं, तिच्या खिशाचं होतं आणि ती जिथे आली होती तिथेच जमिनीवर मांडलेलं होतं.

सवय कशी लागते याचा नमुना तर आपल्या घराघरांत आहे. स्वतःला वाचक न म्हणवणारी आजी वर्षानुवर्षं रोज सकाळी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचते. श्रावणात एक जण पोथी वाचतो, बाकीचे ऐकतात. गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांत व्हायचं असतं, रोज किती अध्याय तेही ठरलेलं. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, वाटा ठरलेला, सोबत असते, आणि वाचून झाल्यावर कुणी प्रश्नोत्तरं विचारत नाही. तुम्ही म्हणाल, सोवळेपणा काढा म्हणून सांगता आणि पोथीचं उदाहरण देता! हो. तिथली श्रद्धा ज्याची त्याला लखलाभ, मला त्या बैठकीची व्यवस्था उसनी घ्यायची आहे. जेवणं झाल्यावर घरातल्या एकाने कुठल्याही गोष्टीची चार पानं मोठ्याने वाचावीत, ऐन रंगात आल्यावर थांबावं. ज्याला वाचवत नाही त्याने ऐकावं. ऐकलेलं पुस्तक हे वाचलेलं नव्हे, असं म्हणणारे लोक भेटतात. कीर्तन-भारूड ऐकून वाढलेल्या समाजाने तरी असं म्हणू नये.

शाळेकडे येऊ. जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पुस्तकं पोचलेलीच नाहीत असं नाही. वेगवेगळ्या योजनांतून ती येत राहिली. अडचण त्यांच्या हिशेबाची आहे. पुस्तक आलं की त्याची नोंद होते, तपासणीला अधिकारी आले की नोंदीप्रमाणे नग मोजतात, आणि कमी भरले तर गुरुजींना खुलासा द्यावा लागतो. फाटलेलं पुस्तक कमी करायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याला मंजुरी, मग पुढचं सगळं. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस करेल तेच गुरुजी करतात, कपाटाला कुलूप लावतात. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मुलाला पुस्तक हवं असेल तर आधी किल्ली मागायची, नाव सांगायचं, मग गुरुजी शोधून देणार. जे मूल वाचायला आसुसलेलं आहे तेही दोनदा विचार करेल, ज्याला गोडी नाही ते कशाला त्या वाटेला जाईल?

आणि काही शाळांत कपाट कधीच मोडीत निघालं आहे. व्हरांड्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधलेली, तिच्यावर पातळ पुस्तकं मधोमध उघडून टाकलेली किंवा कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली. मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट धुऊन आलेली पोरं ओल्या हातानेच ती ओढतात. एक जण चित्रं बघतो, दुसरी त्याच्या खांद्यावरून वाचते, तिसऱ्याला तेच पुस्तक हवं म्हणून ओढाताण. मुखपृष्ठं निघतात, कोपरे दुमडतात, पावसाची झड येऊन दोन-चार भिजतात. तपासणीच्या दृष्टीने हा सगळा नासाडीचा मामला. पण पहिलीतली मुलगी कुणाला न विचारता स्वतःच्या पसंतीचं पुस्तक हातात घेते, हे फक्त तिथेच घडतं. वाचनाची आवड लावायची तर निवडण्याची मुभा आधी द्यावी लागते. ग्रंथालयशास्त्राला हे कधीचंच ठाऊक आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलंच आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत.

मोठ्यांच्या बाबतीत निवडीचा प्रश्न थोडा वेगळा होतो. त्यांना कुणी अडवत नाही, पण स्वतःलाच ते मोकळीक देत नाहीत. घेतलेलं पुस्तक पुरं केलंच पाहिजे, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. पानात वाढलेलं टाकायचं नाही तसंच. तीस पानं झाली, मन लागत नाही, दुसरं घ्यायला मन धजावत नाही, म्हणून ते उशाशी पडून राहतं आणि त्याच्यापायी सहा महिने वाचनच बंद. मला विचाराल तर कंटाळवाणं पुस्तक वेळेत मिटता येणं, हे सवय लागण्यातलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य आहे. त्यात लेखकाचा अपमान नाही. हल्ली ‘वर्षात पन्नास पुस्तकं’ असे संकल्प करतात, त्यांचाही अशा माणसाला त्रासच होतो. आकडा गाठायचा म्हटला की फेब्रुवारीत मागे पडल्याचं लक्षात येतं आणि मार्चमध्ये संकल्प सुटतो.

या बाबतीत दिवाळी अंकासारखी सोयीची गोष्ट मराठी माणसाने दुसरी केलेली नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा न वाचणाऱ्यांची सोय त्यांच्या डोक्यात असेल-नसेल, पण ती झाली खरी. एका अंकात कथा, प्रवासवर्णन, मुलाखत, व्यंगचित्रं, पाककृती. क्रमाने वाचायचं बंधन नाही, अर्धा सोडला तर कुणी विचारत नाही. घरातला सर्वांत वाचनविरोधी माणूसदेखील राशिभविष्यापासून सुरुवात करतो, मग शेजारच्या पानावरचा विनोद वाचतो, आणि जेवायला हाका मारल्या तरी उठत नाही. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत एकदा वर्गणी भरली की पुढचे काही महिने एकामागून एक अंक बदलून नेता येतात. ज्याला सवय लावून घ्यायची आहे त्याने खुशाल इथून सुरू करावं. कादंबरी कुठे पळून जात नाही.

आता मोबाइल. तो हातात आल्यामुळे वाचन बुडालं, हे म्हणणं मला अर्धवट वाटतं. आजचा माणूस दिवसभरात जेवढी अक्षरं डोळ्यांखालून घालतो तेवढी त्याच्या वडिलांनी घातली नसतील. सुटला आहे तो सलगपणा, एका मजकुराला वीस मिनिटं धरून बसणं. आणि तो सुटण्याचं कारण फार साधं आहे, फोन हाताशी असतो आणि पुस्तक नसतं. रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर पुस्तकांचे स्टॉल होते तेव्हा गाडीला उशीर झाला की माणूस काहीतरी चाळत उभा राही. आता त्याच जागी बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या बाटल्या, वेफर्स आणि मोबाइलची कव्हरं लटकतात. केशकर्तनालयात, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत एखादं मासिक पडलेलं असे, तेही गेलं. तेव्हा ‘लोकांची आवड बदलली’ म्हणताना पुस्तक लोकांच्या वाटेतून उचललं गेलं, हेही मोजायला हवं. ४ मे २०१७ पासून पाचगणीजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं. पर्यटनाचा देखावा म्हणून त्याच्यावर टीका झाली. पण लोकांच्या घरांत, देवळात, जिथे माणसं एरवीही टेकतात तिथे पुस्तकं मांडायची, ही त्यातली कल्पना एकदम बरोबर आहे. ती एका गावापुरती का ठेवावी, एवढंच मला विचारायचं आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, तो टाळून चालणार नाही. हवं ते वाचू दिलं तर लोक भुताखेतांच्या गोष्टी आणि श्रीमंत होण्याच्या युक्त्या यांच्यापलीकडे जाणार नाहीत, मग अशा वाचनाचा समाजाला उपयोग काय? खरं सांगायचं तर काही जण तिथेच थांबतील. रहस्यकथांच्या काळातही सगळे पुढे गेले नव्हते. पण जो वीस पानं सलग वाचू शकतो तो शेतजमिनीचा सातबारा, सोसायटीचं इतिवृत्त, कर्जाच्या कागदावरच्या अटी आणि डॉक्टरांनी दिलेला रिपोर्ट यांच्यापुढे गांगरत नाही. सही करण्याआधी वाचतो. लोकशाहीसाठी एवढं फळ मला पुरेसं वाटतं. उत्तम साहित्य वाचणारे नेहमीच थोडे असतात, त्यांच्यासाठी मोहीम काढावी लागत नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांचं चित्र बघितलं की मात्र चिडचिड होते. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. रत्नागिरी, नाशिक, पुणे इथली नगरवाचनालयं तर इंग्रजी अंमलातल्या पहिल्या पिढीतली. आज त्यातल्या पुष्कळ ठिकाणी सकाळी आठला जागा मिळत नाही इतकी गर्दी असते, आणि ती सगळी अभ्यासिकेत. एमपीएससीची मुलं घरून आणलेल्या नोट्स वाचत बसतात. त्यांची गरज खरी आहे. पण दहा पावलांवरच्या मांडण्यांना हात लागत नाही आणि तुटपुंज्या मानधनावरचा ग्रंथपाल खुर्च्या मोजण्यापलीकडे काही करू शकत नाही. कोल्हापूर संस्थानाने देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये केला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावलं आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत फिरू लागली. पेटी गावात जाई, काही काळ राही, पुढच्या गावाला जाई. हा वारसा सांगणाऱ्या आपल्या राज्याचा १९६७ चा कायदा ग्रंथालयांना उपकराचा हक्काचा पैसा देत नाही. तमिळनाडू आणि कर्नाटकात तो मालमत्ता कराबरोबर गोळा होतो. आपल्याकडे सगळी मदार अनुदानावर, आणि ते कधी येईल ते येईल. उपकर लावा म्हटलं की नगरसेवकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे गृहीत धरूनही मी म्हणेन की लावा, आणि त्या पैशातून आधी संध्याकाळी आठपर्यंत ग्रंथालय उघडं ठेवायला माणूस नेमा.

त्याहून लवकर, बिनखर्चात होण्याजोगी एक गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, ग्रंथालयातून वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ होणं, त्यात कुणाची लबाडी किंवा हयगय नसेल तर, स्वाभाविक धरलं आहे. शाळांसाठी राज्याने आपला हात याहून सैल सोडावा. हजारामागे पन्नास धरा. फाटलेल्या पुस्तकासाठी प्रस्ताव, मंजुरी असं काही नको, मुख्याध्यापकांची एक सही पुरे. किल्ली सातवीतल्या दोन मुलांकडे द्या, नोंदवही त्यांनीच ठेवावी. आणि तीन वर्षांत ज्या शाळेतलं एकही पुस्तक फाटलं नाही की हरवलं नाही, त्या शाळेकडून मात्र लेखी खुलासा मागवा.